रोज फिरायला जाणाऱ्या कांट यांनाही स्मृतिभ्रंश झाला. मग जीवनशैलीचा उपयोग काय?

स्मृतिभ्रंशाचे निदान सांगितले की घरच्यांकडून डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाबा रोज पहाटे फिरायला जायचे, दारूला कधी शिवले नाहीत, शब्दकोडे सोडवल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे, मग हे त्यांनाच का झाले? या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. आमचे काही चुकले का?

याउलट विचार करणारेही भेटतात. एवढे सगळे सांभाळूनही आजार व्हायचा तो होतोच, मग चालायचे कशाला आणि सिगारेट सोडायची कशाला, असे त्यांना वाटते.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नीट समजावीत म्हणून आज तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. तो डॉक्टर नव्हता, पण आरोग्याचे नियम त्याच्याइतके काटेकोरपणे पाळणारी माणसे इतिहासात फारशी सापडणार नाहीत. जगातल्या सर्वात तल्लख मेंदूंपैकी एक त्याच्याकडे होता, आणि तरीही आयुष्याच्या शेवटी त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. त्याचे नाव इमॅन्युएल कांट.

स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया. हा एकच एक आजार नाही. स्मरणशक्ती, विचार, भाषा, दिशेचे व वेळेचे भान आणि रोजची कामे करण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते, त्या अवस्थेला हे नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वात जास्त आढळणारे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, लेवी बॉडी प्रकार अशी इतरही कारणे असतात. वय वाढले की धोका वाढतो, पण स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा अटळ भाग नाही. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

आता कांट यांच्याकडे वळू.

जिनगराचा मुलगा

कांट यांचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी प्रशियातील क्योनिग्जबर्ग या बंदराच्या शहरात झाला. आज हे शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. वडील घोड्यांचे साज बनवणारे कारागीर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जिनगर. घर मोठे आणि मिळकत बेताची. कांट १३ वर्षांचे असताना आई गेली. १७४४ मध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि १७४६ मध्ये तेही गेले. शिक्षण अर्धवट टाकून कांट यांना आसपासच्या गावांत श्रीमंतांच्या मुलांची शिकवणी करून पोट भरावे लागले.

शरीरानेही ते दणकट नव्हते. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, छाती अरुंद आणि आत दबलेली. त्यामुळे श्वास मोकळा होत नाही, छातीवर दडपण येते, मन उदास होते, असा अनुभव त्यांना तरुणपणापासून होता. आपण फार जगणार नाही, असे वाटायला लावणारी ही प्रकृती. पण तिच्याबद्दल कुरकुरत बसण्याऐवजी त्यांनी तिचा अभ्यास केला. आपल्याला काय मानवते आणि काय बाधते, याकडे ते आयुष्यभर बारीक लक्ष देत राहिले.

१७५५ मध्ये ते क्योनिग्जबर्गच्या विद्यापीठात शिकवू लागले. पगार नव्हता, विद्यार्थी जी फी देतील तीच कमाई. तर्कशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, भूगोल असे कितीतरी विषय त्यांनी शिकवले. प्राध्यापकाची कायम जागा मिळाली ती १७७० मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. ज्या ग्रंथाने त्यांचे नाव तत्त्वज्ञानाच्या इतिहासात कोरले गेले, तो शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ १७८१ मध्ये निघाला. तेव्हा त्यांचे वय होते ५७. त्यानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी आणखी दोन मोठे चिकित्साग्रंथ लिहिले. आपल्याकडे ज्या वयात निवृत्तीचे वेध लागतात, त्या वयात त्यांचे सर्वात अवघड काम सुरू झाले होते.

मित्रामुळे लागलेली शिस्त

कांट म्हटले की घड्याळाच्या काट्यावर चालणारा रुक्ष माणूस डोळ्यांसमोर येतो. तरुणपणी ते तसे मुळीच नव्हते. नीटनेटके कपडे, पत्त्यांचे डाव, बिलियर्ड्स, उशिरापर्यंत चालणाऱ्या मेजवान्या आणि गप्पा यांत ते रमत. त्यांच्या वागण्यात शिस्त आली ती बरीचशी जोसेफ ग्रीन या इंग्रज व्यापारी मित्रामुळे. ग्रीन हे वेळेचे अतिशय पक्के होते. त्यांच्या सहवासात कांट यांच्याही दिवसाला आखीव रूप आले.

सवय बदलायला तिशी-चाळिशी उलटली म्हणजे उशीर झाला असे नाही, आणि चांगली सवय बऱ्याचदा उपदेशाने नव्हे तर संगतीने लागते. या दोन्ही गोष्टी तुमच्याही बाबतीत खऱ्या आहेत.

कांट यांचा एक दिवस

उतारवयात त्यांचा दिनक्रम असा होता. पहाटे पाचला लाम्पे नावाचा नोकर त्यांना उठवी. हा निवृत्त सैनिक होता, आणि मालकाने कितीही विनवले तरी त्यांना झोपू द्यायचे नाही, असा त्याला मालकाचाच हुकूम होता. उठल्यावर पातळ चहा आणि तंबाखूची एक चिलीम. दिवसभरात तंबाखू ओढायची ती एवढीच. सातला व्याख्यान, मग दुपारी पाऊण वाजेपर्यंत लेखन.

एक वाजता जेवण. दिवसातले हे एकमेव जेवण, आणि ते एकट्याने कधीच नाही. १७८७ मध्ये स्वतःच्या घरात स्वयंपाकघर सुरू केल्यावर रोज कोणी ना कोणी पाहुणे बोलावलेले असत. तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत, असा त्यांचा नियम होता. व्यापारी, डॉक्टर, सरकारी अधिकारी, तरुण विद्यार्थी असे नाना तऱ्हेचे लोक त्यांच्या टेबलाभोवती जमत. कॉड मासा त्यांच्या आवडीचा. मोहरीची चटणी ते स्वतःच्या हाताने कालवत. थोडी वाइन असे, बिअर मात्र वर्ज्य. जेवण तीन-तीन तास चाले. स्वतःच्या तत्त्वज्ञानावर बोलणे ते टाळत. जगातल्या ताज्या बातम्या, हवामान, प्रवासवर्णने, नवे शोध हे गप्पांचे विषय.

जेवणानंतर फिरायला जायचे. त्यांना पाहून लोक घड्याळे लावत, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. ते एकटेच फिरत, कारण फिरताना तोंड मिटून नाकानेच श्वास घ्यायचा असा त्यांचा नियम होता आणि सोबत कोणी असले की बोलावे लागे. संध्याकाळी वाचन आणि रात्री दहाला झोप.

आता डॉक्टरांच्या नजरेने या दिवसाकडे पाहा. भरपूर शिक्षण, उतारवयातही मेंदूला आव्हान देणारे काम, रोज माणसांची सोबत, रोजचे चालणे, ठरलेली झोप, मद्य माफक, मनाला जपण्याची जाणीव. आजच्या कुठल्याही डॉक्टरने हा दिनक्रम पाहिला असता तर कौतुकच केले असते.

पहिल्या खुणा

जुलै १७९६ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, कांट यांनी शेवटचे व्याख्यान दिले. त्याच सुमारास हूफेलान्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी दीर्घायुष्याची कला शिकवणारे स्वतःचे पुस्तक त्यांना पाठवले. उत्तरादाखल कांट यांनी मनाच्या निश्चयाने आजारपणाच्या भावनांवर ताबा कसा मिळवता येतो, यावर एक निबंध लिहिला. तो १७९८ मध्ये त्यांच्या एका पुस्तकात आला. झोप, खाणे, श्वास, काम आणि विश्रांती यांबद्दलचे आयुष्यभराचे अनुभव त्यात आहेत.

याच निबंधाच्या शेवटाकडे त्यांनी स्वतःची एक तक्रार नोंदवली आहे. काही काळापूर्वी आलेल्या पडशाच्या साथीनंतर डोक्यावर दाब असल्यासारखे वाटते. एखादी गोष्ट समजावून सांगताना विचारांची साखळी हातातून सुटते. आपण कुठून निघालो आणि कुठे चाललो होतो, हे पुन्हा मागे जाऊन पाहावे लागते. आरोग्य राखण्याच्या उपायांवर लिहीत असतानाच त्या माणसाने स्वतःच्या आजाराची पहिली खूण लिहून ठेवली होती.

पुढची काही वर्षे हे बाहेरच्यांना फारसे जाणवले नाही. कांट यांनी युक्त्या शोधल्या होत्या. जेवताना काय बोलायचे, ते कागदाच्या चिठोऱ्यांवर, जुन्या पाकिटांवर लिहून ठेवू लागले. चिठोरे हरवू लागले, तेव्हा त्यांचे स्नेही वासियान्स्की यांनी त्यांना छोट्या वह्या करून दिल्या. वासियान्स्की हे क्योनिग्जबर्गमधील धर्मोपदेशक. शेवटच्या वर्षांत त्यांनीच कांट यांची देखभाल केली आणि त्या काळाचा सविस्तर वृत्तान्त १८०४ मध्ये लिहिला. आज आपल्याला जे कळते, ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

त्यांनी नोंदवलेली लक्षणे वाचताना घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटतील. तीच गोष्ट एका दिवसात पुन्हा पुन्हा सांगणे. लहानपणी पाठ केलेल्या लॅटिन कवितेच्या ओळी धडाधड म्हणता येणे, पण आत्ताच काय बोलणे झाले ते न आठवणे. वेळेचा अंदाज चुकणे. कॉफी यायला क्षणभर लागला तरी तो फार मोठा वाटणे. डोक्यावरच्या दाबाला हवेतली वीज कारणीभूत आहे अशी समजूत घट्ट होणे, आणि कोणी कितीही समजावले तरी ती न बदलणे. दिवसा खुर्चीत डुलक्या आणि रात्री भयानक स्वप्ने. एकदा वाचता वाचता डोके मेणबत्तीवर झुकले आणि टोपीने पेट घेतला. त्यांनी ती हाताने काढून पायाखाली विझवली.

आधार सुटत जातो

पाय लटपटू लागल्यावरही ते फिरायला जात. एकदा रस्त्यात पडले. दोन अनोळखी स्त्रियांनी त्यांना उठवले. त्यांचे आभार मानून कांट यांनी हातातले गुलाबाचे फूल त्यांपैकी एकीला दिले. त्यानंतर मात्र पायी फिरणे बंद झाले.

डाव्या डोळ्याची दृष्टी तर काही वर्षांपूर्वीच गेली होती. ती केव्हा गेली हेही त्यांना समजले नव्हते. वाचताना अचानक लक्षात आले, तोवर डोळा निकामी झालेला होता. शेवटी शेवटी उजव्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. वाचन आणि लेखन हा ज्यांचा श्वास होता, त्यांना स्वतःची सहीही करता येईना.

१८०१ च्या सुमारास पैशांचे सर्व व्यवहार वासियान्स्कींच्या हाती गेले. जानेवारी १८०२ मध्ये सुमारे ४० वर्षांची नोकरी झालेल्या लाम्पेला काढून टाकावे लागले. त्याचे वागणे बिघडले होते आणि मालकाच्या दुबळेपणाचा तो गैरफायदा घेत होता. नवा नोकर काउफमान चांगला होता, पण कांट त्यालाही लाम्पेच म्हणत. हे टाळण्यासाठी त्यांनी वहीत स्वतःलाच सूचना लिहिली, की लाम्पे हे नाव आता पूर्णपणे विसरायचे आहे. विसरण्याची आठवण राहावी म्हणून केलेली ही नोंद वाचून पुढच्या लोकांना हसू आले, पण त्यामागची धडपड तुम्ही ओळखाल.

लाम्पे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वासियान्स्की पहाटेच हजर झाले. चहा ठरलेल्या पद्धतीने मांडला होता, तरी कांट अस्वस्थ होते. कारण कळले तेव्हा साधे निघाले. गेली ५० वर्षे चहा पिताना त्यांच्यासमोर कोणी बसलेले नव्हते. वासियान्स्की नजरेआड जाऊन बसले आणि कांट शांत झाले.

१८०३ मध्ये धाकटी विधवा बहीण कातारीना बार्बारा सेवेसाठी येऊन राहिली. ऑक्टोबरमध्ये तिच्या हाताचा आधार घेऊन चालत असताना कांट एकाएकी बेशुद्ध होऊन कोसळले. त्यातून ते सावरले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत. जवळची माणसे ओळखू येईनात. तरी टेबलावर दोन पाहुणे बोलावण्याची पद्धत शक्य तोवर चालू राहिली.

मृत्यूच्या थोडे दिवस आधी डॉक्टर घरी आले. कांट उठून उभे राहिले. अंग थरथरत होते, शब्द धड निघत नव्हते, तरी ते बसायला तयार होईनात. का, ते वासियान्स्कींना उमगले. पाहुणा बसल्याशिवाय यजमानाने बसायचे नसते. डॉक्टर बसल्यावरच ते बसले.

१२ फेब्रुवारी १८०४ रोजी कांट गेले. ८० वर्षे पूर्ण व्हायला सव्वादोन महिने उरले होते.

हा नेमका कोणता प्रकार होता?

अल्झायमर आजाराचे पहिले वर्णन १९०६ मधले. कांट यांच्या काळी या अवस्थेला नुसते वार्धक्याचे दौर्बल्य म्हणत. पुढच्या डॉक्टरांनी वासियान्स्कींच्या नोंदी वाचून वेगवेगळी निदाने सुचवली: कोणी अल्झायमर, कोणी लेवी बॉडी प्रकार, कोणी मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ. भयानक स्वप्ने, पडणे आणि डुलक्या यांवरून लेवी बॉडीचा विचार येतो. ऑक्टोबर १८०३ मधल्या झटक्यामुळे मेंदूच्या रक्तपुरवठ्याचाही येतो. एकाच वृद्ध मेंदूत दोन-तीन विकार एकत्र असणे आजही नित्याचे आहे. मेंदूची तपासणी झालेली नसल्याने नेमके निदान आता करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण १८९६ मध्ये आले. कोलेस्टेरॉलची तपासणी त्याच्याही नंतरची. म्हणजे कांट यांनी कितीही काळजी घेतली तरी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या काही मोठ्या गोष्टी त्यांना मोजताच येत नव्हत्या. तुम्हाला त्या जवळच्या दवाखान्यात मोजता येतात.

मग जीवनशैलीने काय साधले?

स्मृतिभ्रंशावर अभ्यास करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. हे सगळे धोके जगातून नाहीसे झाले, तर स्मृतिभ्रंशाच्या दर १०० पैकी सुमारे ४५ घटना टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. १०० पैकी ४५ हे खूप झाले. कुठल्याही औषधाने एवढा फायदा होत नाही. पण उरलेल्या ५५ मध्ये वय, आनुवंशिकता आणि अजून न उलगडलेली कारणे आहेत. हा आकडा समाजाचा आहे. नियम पाळणाऱ्या एका माणसाला आजार होणारच नाही, अशी ती हमी नव्हे. हेल्मेट घातले की डोक्याला गंभीर मार लागण्याची शक्यता कमी होते. तरीही हेल्मेट घातलेल्या एखाद्याला मार लागतो. म्हणून कोणी हेल्मेट निरुपयोगी ठरवत नाही, आणि जखमी माणसाला दोषही देत नाही.

दुसरा मुद्दा मेंदूच्या राखीव क्षमतेचा. शिक्षण, वाचन, अवघड काम आणि माणसांत मिसळणे यांमुळे मेंदूत पर्यायी वाटा तयार होतात. आजाराने काही वाटा बंद झाल्या तरी बराच काळ काम निभावते. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५ ते २० वर्षे आधीच सुरू होऊ शकतात. म्हणजे साठीत आणि पासष्टीत मोठे ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या मेंदूत आजाराची सुरुवात तेव्हाच झालेली असू शकते. आजार टळला नसेल, पण काम करण्याची वर्षे वाढली, हा या क्षमतेचा फायदा असतो. ती संपत आली की मग उतरण भराभर जाणवते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

तुमच्या हातातल्या १४ गोष्टी

बालपणी आणि तरुणपणी:
- शिक्षण अर्धवट राहणे. मुलांना, विशेषतः मुलींना, पूर्ण शिकू द्या.

मध्यम वयात:
- ऐकू कमी येणे. तपासणी करून गरज असल्यास श्रवणयंत्र वापरा.
- एलडीएल कोलेस्टेरॉल वाढणे.
- नैराश्य. उपचार घ्या, अंगावर काढू नका.
- डोक्याला मार लागणे. दुचाकीवर हेल्मेट हवेच.
- व्यायामाचा अभाव.
- मधुमेह.
- धूम्रपान.
- उच्च रक्तदाब.
- लठ्ठपणा.
- अति मद्यपान.

उतारवयात:
- एकटेपणा.
- हवेचे प्रदूषण. घरातला चुलीचा धूरही यात आला.
- नजर कमी होऊनही उपचार न घेणे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका.

हे टप्पे म्हणजे कप्पे नव्हेत. साठीत सिगारेट सोडली तरी फायदा होतो, आणि एकटेपणा पन्नाशीतही घातक असतो. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे अभ्यास झाला. आहार, व्यायाम, बुद्धीचे व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे चारही उपाय ज्यांनी एकत्र केले, त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा चांगली टिकली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकच उपाय धरून बसण्यापेक्षा सगळीकडे थोडे थोडे लक्ष देणे चांगले.

कांट यांचे काय घ्यावे आणि काय सोडावे?

घ्यावे ते त्यांचे जेवणाचे टेबल. रोज माणसांबरोबर बसून बोलणे, तेही वेगवेगळ्या वयाच्या आणि व्यवसायांच्या, ही बहुधा त्यांची सर्वात चांगली सवय होती. तुमच्या घरातले आजी-आजोबा टीव्हीसमोर एकटे जेवत असतील, तर आजपासून एक वेळचे जेवण तरी सगळे मिळून घ्या.

त्यांच्या चालण्याचे मात्र अनुकरण करताना विचार करा. घाम प्रकृतीला वाईट, असे कांट मानत. म्हणून अंगाला घाम येऊ नये अशा बेताने ते सावकाश चालत. आजचा सल्ला वेगळा आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, श्वास थोडा वाढेल, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतके भरभर चाला. सोबत कोणी असेल तर उत्तमच. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दिवसातून एकदाच जेवण्याचा त्यांचा नियमही उचलू नका, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असतील तर. आणि एक चिलीम म्हणजे काही फार नाही, हा हिशेबही नको. तंबाखूचे सुरक्षित प्रमाण नसते, मिश्रीचेही नाही.

घरच्यांसाठी

वासियान्स्कींनी कुठलेही औषध दिले नव्हते, पण त्यांनी जे केले ते आजही आम्ही सांगतो. दिनक्रम शक्यतो बदलू नका. माणूस अस्वस्थ झाला, तर नेहमीपेक्षा काय बदलले ते शोधा. कदाचित ते खुर्चीच्या जागेइतके लहान असेल. आठवणीसाठी वही, पाटी, घड्याळ वापरा. पैशांचे व्यवहार वेळीच विश्वासू व्यक्तीकडे द्या. चुकीच्या समजुतीवर वाद घालू नका. मेणबत्ती, गॅस, जिना यांपासून जपा. आणि नावे विसरली तरी शिष्टाचार, प्रेम, लाज, मान या भावना खूप उशिरापर्यंत जाग्या असतात, हे विसरू नका. रुग्णासमोर त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखे बोलू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे सर्वांचेच होते. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, बोलताना धागा सुटणे, स्वभावात अचानक बदल होणे असे दिसले तर वयाचे आहे म्हणून सोडून देऊ नका. जीवनसत्त्व बी १२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही अशी लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. त्यासाठीच्या रक्ततपासण्या साध्या असतात.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. बाबा रोज चालत होते, ते वाया गेले नाही. त्यामुळे हृदय, पाय आणि मन सांभाळले गेले, आणि कदाचित आजार काही वर्षे लांबलाही असेल. तरीही तो झाला, यात त्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. आणि तुम्ही स्वतः चाळिशी ओलांडलेली असेल, तर गेल्या वर्षभरात रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले होते का, ते आठवा. नसेल तर याच आठवड्यात तपासून घ्या.